डोळ्यांचं पाकीट

आठ मेला, आईबापांच्या दिवशी, आमच्याकडे कोरियात पोरं आईबापाच्या छातीवर लाल फूल टाचतात आणि हातात पाकीट ठेवतात. यंदाही सगळं रीतीप्रमाणे झालं. ग्यूचोल, माझा धाकटा, चाळिशीचा झाला तरी त्याला टाचणी धड लावता येत नाही, ती त्यानं मलाच टोचली. मग थोरली, मिरान, पुढं आली आणि तिनं पाकीट दिलं. मी ते दोन्ही हातांनी घेतलं. लेकीकडून घेताना आईला एक हात पुरतो खरं तर, पण माझा एक हात पुढं गेला की दुसरा आपोआप मागोमाग जातो. लहानपणची सवय. तीच मी पोरांनाही लावली, मारून मुटकून.

मला वाटलं पैसे असतील. निघालं एक जाड कार्ड. वर कुण्या बाईचे मोठाले डोळे छापलेले, खाली माझं नाव, पे ओकसिम, आणि दिवस: अठरा जून, सकाळी दहा.

"हे काय?"

"डोळे," मिरान म्हणाली. "तुझ्या पापण्यांचं ऑपरेशन करून घ्यायचं. आम्ही दोघांनी मिळून भरलंय."

"माझ्या पापण्यांना काय धाड भरलीय?"

"आई, नव्या वर्षाच्या फोटोत तू झोपलेली दिसतेस."

"मी जागीच होते."

"तेच म्हणतेय मी."

ग्यूचोल हसला. "ताईचं ऐक जरा. सप्टेंबरात तुझी सत्तरी. स्टुडिओत जाऊन मोठा फोटो काढायचाय. त्यात तरी डोळे उघड."

आमच्या बाजारात आता हीच चाल पडलीय. पूर्वी साठीला, सत्तरीला सोन्याची अंगठी द्यायचे, आता डोळे देतात. शेजारच्या गाळ्यावर सुकी मासळी विकणारी दोक्सुन आहे ना, तिचे दोन वर्षांपूर्वी झाले, लेकानं करून दिले. तेव्हापासून ती मागून कुणी हाक मारल्यासारखी बघते. मी तिला म्हणायची, "नवरा गेला तेव्हासुद्धा तुझे इतके डोळे उघडले नव्हते." ती म्हणायची, "जळ मेली. तुझ्या पोरांनी दिलेत का?" आता दिले. मी कार्ड गल्ल्याखाली लपवलं होतं, पण ग्यूचोलनं बाजारात येऊन सगळ्यांना सांगितलं. मटणवाल्यापासून मोजेवालीपर्यंत सगळे म्हणाले, नशीबवान आहेस बाई. असं म्हटल्यावर "नको" म्हणायला तोंड उरत नाही. नको म्हटलं की पोरांचं नाक कापलं जातं, आणि वर लोक विचारतात, का नको?

का नको, तेच मला सांगता येत नव्हतं. सगळं तिथंच अडलं होतं.

मला मधला एक मुलगा आहे. इन्सू. शहाऐंशी साली छुसोकच्या सणाच्या आदल्या दिवशी याच बाजारात, गर्दीत हरवला. पाच वर्षांचा होता. नवऱ्यानं टेम्पोवर त्याचा फोटो चिकटवून देश पालथा घातला. मी जागेवर बसले. घर बदललं नाही. दाराचा हिरवा रंग बदलला नाही, फिका झाला की तोच पुन्हा लावते. तारेचा फोन आमच्या घरात अजून आहे, कारण तो नंबर मी इन्सूकडून पाठ करून घेतला होता. ज्या जागी तो शेवटचा उभा होता तिथं तेव्हा तेलाची घाणी होती. घाणीवाले म्हातारे गेले, तेव्हा तोच गाळा मी घेतला. मुळा, कमळकाकडी, तिखटातली पानं, सोयाबीनचे मोड, अशी तोंडीलावणी रोज डबे भरून मांडते आणि समोरून जाणाऱ्या प्रत्येक पुरुषाचं तोंड बघते. डोळ्यांत तेल घालून म्हणतात ना, तसं. तीस वर्षं.

आणि चेहरा. वय कुणाला चुकलंय, पण मी होऊन माझ्या चेहऱ्याला हात लावला नाही. केस तेव्हासारखेच आखूड आणि कुरळे ठेवले, अजून काळे करते. माझ्या पापण्या सपाट, घडी नसलेल्या. इन्सू झोपताना त्यांच्यावरून बोट फिरवायचा. आजीच्या पापणीला घडी होती, मिरानच्या होती, माझ्याच नव्हती, म्हणून त्याला मौज वाटायची. आता त्यावर कुणी घडी पाडली, तर एक दिवस त्रेचाळीसचा माणूस माझ्या गाळ्यासमोर येईल, माझ्याकडे बघेल, आणि पुढं निघून जाईल. ही माझी भीती. वेडेपणा म्हणा हवं तर. मी त्याच वेडेपणावर जगलेय.

बरं, हे मिरानला सांगायचं तर कसं? त्या दिवशी इन्सूचा हात तिच्या हातात होता. ती आठ वर्षांची. पुढच्या वर्षी एका दुपारी तिचा बाप पिऊन आला आणि तिच्यासमोर उकिडवा बसून त्यानं विचारलं, "हात का सोडलास गं?" ती काही बोलली नाही. मी मुळा चिरत होते. मीही काही बोलले नाही. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली, पण त्या दुपारपासून आमच्या घरात इन्सूचं नाव निघालेलं नाही. आता मी म्हटलं की इन्सूसाठी मला हेच डोळे हवेत, तर तोच प्रश्न मी तिला पुन्हा विचारल्यासारखा होतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

मेच्या शेवटी मिरान मला दवाखान्यात दाखवायला घेऊन गेली. नदीपलीकडचा तो भाग. एकाच इमारतीत सात मजले, सातही मजल्यांवर नाकं आणि डोळे. बसायच्या खोलीत माझ्याएवढ्या चार बायका, प्रत्येकीशेजारी एकेक लेक नाहीतर सून. दवाखान्यात कमी आणि शाळेच्या पालकसभेत जास्त बसल्यासारखं वाटत होतं, फक्त उलटं.

तिथल्या मॅनेजर प्यो बाई. वय कळायला मार्ग नाही. मला बघताच कमरेत वाकल्या.

"आईसाहेब, किती भाग्यवान तुम्ही. अशी लेक मिळायला पुण्य लागतं."

"पुण्याचं माहीत नाही. सुईनं होतं का हे? कापू नका."

"आई," मिरान म्हणाली.

"विचारायला काय जातंय? दोक्सुनच्या सुनेनं कपाळात सुया घेतल्या, आठ दिवसांत गुळगुळीत झाली."

प्यो बाईंनी हसून सगळं पुढ्यात मांडलं. सुया आहेत. उष्णता देऊन कातडी आवळायचं यंत्र आहे. कातडीखाली दोरा ओवून वर ओढायचा प्रकार आहे. त्यात काप नाही, टाके नाहीत, दुसऱ्या दिवशी गाळ्यावर बसता येतं. मी म्हटलं, "हे द्या, यातलं कुठलंही." तेवढ्यात डॉक्टर मेंग आले. पोरसवदा, पण हात ऊबदार. त्यांनी माझ्या कपाळावर तळवा दाबून धरला आणि म्हणाले, "आता डोळे उघडा."

मी उघडले. काही झालं नाही. त्यांच्या कोटाचं खालचं बटण तेवढं दिसलं.

"तुम्ही पापण्यांनी बघतच नाही, आईसाहेब. कपाळानं बघता," ते म्हणाले. "भुवया वर ओढून ओढून. डोकं दुखतं ना संध्याकाळी?"

"बाजारात बसलं की दुखणारच."

"कपाळात सुई मारली तर कपाळ झोपेल, आणि पापणी आहे त्याहून खाली येईल. यंत्र आणि दोरा थोड्या ढिल्या कातडीला ठीक. तुमची कातडी बुबुळावर आलीय. वरचा तिसरा हिस्सा तुम्हाला दिसत नाही. कापावंच लागेल."

मग त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक, पापणीवरच काप घेऊन जास्तीची कातडी काढायची आणि तिथं नवी घडी पाडायची. बहुतेक सगळ्या हीच करतात. दुसरी, भुवईच्या खालच्या कडेनं काप घ्यायचा, तिथून कातडीची पट्टी काढायची आणि वर ओढून शिवायचं. त्यात घडी पडत नाही, डोळा ज्याचा त्याचाच राहतो.

माझ्या जिवात जीव आला. मी म्हणणार होते, दुसरी. पण ते पुढं म्हणाले, "दुसरीसाठी मला तुमचे मूळचे डोळे बघावे लागतील. किती ओढायचं, कुठं थांबायचं, ते त्यावरून ठरतं. तिशीतला एखादा फोटो आणाल का? समोरून काढलेला."

तिशीतला समोरून काढलेला माझा एकच फोटो होता. त्यात इन्सू मांडीवर होता. तो हरवला त्याच दिवशी पोलिसांना त्याचा फोटो हवा म्हणून मी कात्री घेतली आणि फोटो मधून कापला. त्याचा अर्धा पोलिसांनी नेला, तोच पुढं लाखभर कागदांवर छापला गेला. माझा अर्धा कुठं पडला, मला ठाऊक नाही. तसा असता तरी तो मिरानसमोर कसा काढणार?

"माझे जुने फोटो नाहीत," मी म्हटलं. "जळले. शेगडीची ठिणगी पडून."

मिराननं माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरात कधी काही जळलं नाही हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं.

"मग पहिली," प्यो बाई म्हणाल्या आणि त्यांनी कागदावर खूण केली. "घडीच छान दिसते, आईसाहेब. टवटवीत. टाके आठवड्यात निघतात. महिनाभर सूज राहील, पण सत्तरीच्या फोटोपर्यंत सगळं बसून जाईल."

परतताना मेट्रोत मी मिरानला म्हटलं, "राहू दे ना हे. ते पैसे तुझ्या लेकीच्या शिकवणीला लाव."

"पैसे परत मिळत नाहीत."

"मग दोक्सुनला खालच्या पापण्याही करायच्यात. तिला दे."

"आई, तुला का नको आहेत डोळे? एक कारण सांग."

गाडी पुलावर होती. मी खिडकीकडे तोंड केलं. नदी दिसली पाहिजे होती, मला खालचे रूळच दिसत होते. "भीती वाटते सुरीची," मी म्हटलं. रोज दहा तास सुरी चालवणारी बाई हे म्हणाली. मिराननं डोळे मिटून घेतले आणि आमचं स्टेशन येईपर्यंत उघडले नाहीत.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली. तेव्हा मी माझाच उपाय काढला. शाळकरी पोरी पापणीवर पारदर्शक पट्टी चिकटवून घडी पाडतात, ती पट्टी. कातडी वर उचलली गेली आणि मला नीट दिसायला लागलं, तर पोरांना म्हणता येईल, बघा, कापायची गरजच नाही. दोक्सुननं तिच्या नातीचं पाकीट आणून दिलं आणि गाळ्यामागं बसवून मला लावूनही दिली.

"हलू नकोस. मासळी निवडताना तू हलतेस का? तशी बस."

"तुझ्या हाताला मासळीचाच वास येतोय."

"डोळ्यांना वास येत नाही. उघड."

मी उघडले. समोरच्या मोजेवालीचं अख्खं छत दिसलं, त्यावरचा फाटका कागद दिसला, वर्षभर न दिसलेला. मग दोक्सुननं आरसा धरला. आरशात पापणीला घडी पडलेली एक बाई होती. कुणी परकी. गाळा माझा, केस माझे, आणि मध्ये ती. दोक्सुन म्हणाली, "दहा वर्षं गेली बघ तुझी." मला रडू यायला लागलं. तिला वाटलं पट्टी झोंबली.

अकरा वाजता वाफाळत्या पातेल्यावर वाकले तेव्हा उजवी पट्टी सुटली आणि कमळकाकडीत पडली. बाराला डावी लोंबायला लागली. गिऱ्हाइकांची गर्दी, हात तिखटात, काढायला सवड नाही. तेवढ्यात गाळ्यासमोर कुणी येऊन उभं राहिलं.

"मावशी, तिखटातली पानं द्या. अर्धा डबा."

पुरुषाचा आवाज. धड तरुण नाही, धड म्हातारा नाही. मला त्याची बटणं दिसत होती, राखाडी सदऱ्याची. मी पानं भरली. त्यानं डबा दोन्ही हातांनी घेतला. मग म्हणाला, "इथं पूर्वी तेलाची घाणी होती ना?"

माझ्या हातातला चिमटा खाली पडला. ती घाणी बंद होऊन तीस वर्षं झाली. मी मान मागं टाकली, भुवया ओढल्या. एका डोळ्यावर लोंबती पट्टी, दुसऱ्यावर कातडी. हनुवटी दिसली. त्याच्या वर काही दिसेना. मी बोटांनी पापणी उचलायला गेले, आणि बोटं तिखटाची. आग झाली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "थांब," मी म्हटलं, "थांब रे." पण गर्दीत कोण कुणाला ऐकतं. दोक्सुननं माझ्या डोळ्यांवर पाणी मारलं तोवर समोर दुसरंच गिऱ्हाईक होतं.

मी पळाले. एप्रनवर, रबरी चपलांनी, बाजाराच्या दोन्ही तोंडांपर्यंत. राखाडी सदरे पन्नास होते. प्रत्येकाच्या पुढं जाऊन मान मागं टाकून बघितलं. लोक बाजूला व्हायला लागले. कुणी पोरगा म्हणाला, "आजी, काही हरवलंय का?"

तो इन्सू नसणार. मला कळतं. याच भागात लहानपण गेलेला कुणीही घाणीचं विचारेल. पण मी बघितलं नाही ना. तीस वर्षं जे करायला मी तिथं बसलेय, तेवढंच मला आता करता येत नव्हतं. त्यानं मला ओळखावं म्हणून डोळे राखायचे, तर तो मला दिसणार नाही. तो मला दिसावा म्हणून कापायचे, तर मी त्याला दिसणार नाही. त्या दिवशी संध्याकाळी मी पट्ट्यांचं पाकीट कचऱ्यात टाकलं आणि मिरानला फोन केला. "अठराला येते मी," म्हटलं. तिनं "बरं" म्हटलं आणि फोन लगेच ठेवला नाही. मीही ठेवला नाही.

अठराला सकाळी दवाखान्यात मला गुलाबी झगा घालायला दिला. केस टोपीत कोंबले. तोंड धुऊन एका छोट्या खोलीत बसवलं. तिथं डॉक्टर जांभळ्या पेननं पापणीवर रेघ काढणार होते. मिरान शेजारी उभी होती, पर्स पोटाशी धरून. प्यो बाई कागद घेऊन आल्या.

"पहिली पद्धत, घडी. इथं सही करा, आईसाहेब."

मी पेन घेतलं. मनात म्हटलं, इन्सू, बाळा, मी तुला शोधीन. तू मला ओळखलं नाहीस तरी मी तुला ओळखीन. त्याहून जास्त मला जमत नाही आता.

"थांबा," मिरान म्हणाली. "दुसरी पद्धत. भुवईखालून."

"पण त्याला जुना फोटो..."

मिराननं पर्स उघडली. आतून बँकेचं जुनं पासबुक काढलं, आणि त्याच्या पानांतून एक फोटो. अर्धा. एका कडेनं कात्रीनं कापलेला, वाकडातिकडा. त्यात एकतीस वर्षांची मी समोर बघतेय. सपाट पापण्या, उघडे डोळे. आणि माझ्या बाहीवर, कापलेल्या कडेतून आत आलेली, एक छोटी मूठ. मनगटापर्यंतच. पोलिसांच्या अर्ध्यात ती गेली नाही, माझ्या अर्ध्यात राहिली.

"तू कचऱ्यात टाकला होतास," मिरान म्हणाली. तिचा आवाज शाळेतल्या मुलीसारखा झाला होता. "मी काढून ठेवला. आई, मला कळतं तुला का नको आहेत डोळे. तू मला बावळट समजतेस का? हिरवा रंग मी नाही बघत? फोनचं बिल कोण भरतं? तू सांगशील म्हणून मी इतके दिवस वाट बघितली, तू सांगेचनास. तो आला तर त्याला हे डोळे दिसले पाहिजेत. लोंबलेले नाही, नवे नाही. हे. मी एवढंच परत करू शकते. हात मी सोडला होता."

प्यो बाई कागद घेऊन हळूच बाहेर गेल्या. शहाणी बाई.

मी त्या मुठीकडे बघत होते. मिरानकडे बघायला मान मागं टाकावी लागली असती, आणि ती ताकद माझ्यात नव्हती. म्हणून मी फोटोकडे बघूनच बोलले.

"तू सोडला नाहीस."

"आई, राहू दे."

"ऐक. ग्यूचोल माझ्या पाठीला बांधलेला होता. माझ्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. घाणीवाली म्हातारी बाहेर आली, सणाचा तांदळाचा लाडू घेऊन, नुकताच वाफवलेला. तुला म्हणाली, घे गं. तू एका हातानं घ्यायला गेलीस. दुसऱ्या हातात इन्सू होता." आता थांबता येत नव्हतं. "मी तुला ओरडले. म्हातारी ऐकेल एवढ्या मोठ्यानं. म्हटलं, मिरान, लाज नाही का? मोठ्यांकडून दोन्ही हातांनी घ्यायचं. तू घेतलंस. दोन्ही हातांनी. मी सांगितलं म्हणून. आणि तुझ्या बापानं विचारलं तेव्हा मी मुळा चिरत बसले."

मला वाटलं, ती म्हणेल, मला आठवतं. किंवा म्हणेल, मला का नाही सांगितलंस. अडतीस वर्षं पोरीनं माझं ओझं वाहिलं आणि मी तिला वाहू दिलं, यावर काय बोलतात? मला तिची फक्त चप्पल दिसत होती. ती वळली, आणि दार लागल्याचा आवाज आला.

डॉक्टर आले. त्यांनी फोटो उजेडात धरला, माझ्या भुवईवर बोट ठेवून मोजलं. "छान डोळे आहेत," म्हणाले. "इथं थांबू." पेन गार लागलं. मग टेबल, मग डोळ्यांभोवती कापड, मग भुलेच्या सुया. त्या दुखतात, कुणी काही सांगो. बाकी मी जागीच होते. कातडी कापताना दुखत नाही, पण ओढ कळते, आणि दोरा ओवल्याचा आवाज कळतो. मधेच डॉक्टर म्हणायचे, "उघडा. मिटा. उघडा." मी उघडायची आणि मला पांढरा दिवा दिसायचा. हलायचं नाही, बोलायचं नाही, रडायचंही नाही, त्यानं सूज वाढते. आणि दाराबाहेर मिरान आहे की मेट्रोत बसून घरी गेली, हे विचारायचीही सोय नाही. तास गेला. मला वाटलं, माझ्या पोरीला मी आज पुन्हा बाजारात एकटी सोडून आले.

"झालं," डॉक्टर म्हणाले. बर्फाच्या पिशव्या डोळ्यांवर ठेवल्या, वरून पट्टी बांधली. नर्सनं मला बसवलं आणि पाय चपलांत घालून दिले. "आईसाहेब, अर्धा तास पट्टी काढायची नाही. तुमचं कुणी आहे ना न्यायला?"

मला उत्तर माहीत नव्हतं. मी हात पुढं केला, आंधळ्यासारखा, भिंत चाचपायला. एकच हात. तो हवेत राहिला थोडा वेळ.

मग तो कुणीतरी धरला. एका हातानं खालून, दुसऱ्यानं वरून. तांदळाचा ऊन लाडू धरावा तसा, दोन्ही हातांनी.

"जिना आहे पुढं," मिरान म्हणाली. "सावकाश ये."